पिंकीच्या झग्याची घडी

हे घडलेले आहे. आमच्या घरात घडलेले आहे.

मला भुताखेतांच्या गप्पांची हौस नाही. दिवेलागणीनंतर आमच्याकडे कुणी असला विषय काढला, तर त्याला मी भरल्या ताटावरून उठवले आहे. पण लतिका माझी धाकटी जाऊ. तिला खोटे बोलता येत नाही. प्रयत्न केलाच तर पहिल्या वाक्यात ठसका लागतो. आणि यातले थोडे मी स्वतः माझ्या कानांनी ऐकले आहे.

ज्यांना हसायचे असेल, त्यांनी आताच हसून घ्यावे.

पंचवटीत, हिरावाडीच्या रस्त्याला एका साध्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लतिकाची शिवणाची खोली आहे. खाली भाजीचे टेम्पो लागतात. वर राम, रावण, कोळिणी, मोर आणि गाजरे टांगलेली असतात. शाळांच्या गॅदरिंगचे ड्रेस ती शिवते आणि भाड्याने देते. ‘नाशकातला प्रत्येक रावण आधी माझ्यापुढे बनियनवर उभा राहिलेला आहे,’ असे ती अभिमानाने सांगत असे.

ही हकीकत रात्रीची नाही. भर दुपारची आहे. गेल्या वर्षीच्या भाद्रपदातला तो रविवार. जेवणे आटोपून सगळी गल्ली पंख्याखाली आडवी झालेली.

त्या दुपारी लतिकाने इराकडून एका झग्याची घडी मोडवली.

इरा तिची नात. मुलगा विश्वेश आणि सून संपदा यांची एकुलती एक, चौथीतली. आपल्याकडे नवी साडी आपण प्रेमाच्या माणसाला आधी नेसायला देतो, घडी मोड म्हणतो. लतिकाने ती रीत धंद्यात आणली होती. शिवलेला प्रत्येक ड्रेस आधी इराच्या अंगाला लागायचा. आरशापासून दारापर्यंत एक फेरी, की घडी मोडली. मगच तो बाहेर जायचा. इराची डावी टाच लहानपणीच्या एका पडण्यामुळे जरा जोरात पडते. टप… ठप्प. टप… ठप्प. तो आवाज झाला की लतिका सुई पिनकुशनला टोचून म्हणायची, ‘झालं. हा आता स्टेजवर दगा देत नाही.’

अंधश्रद्धा म्हणा. पण इतक्या वर्षांत तिचा एकही ड्रेस स्टेजवर उसवला नव्हता.

झगा बॅलेचा होता.

कॉलेज रोडला आरोही नावाच्या मुलीने बॅलेचा क्लास काढला होता. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती फोटो घेऊन लतिकाकडे आली.

“काकू, टुटू शिवायचाय.”

लतिकाने चष्मा कपाळावर चढवला. “ही थाळी नेसायची, की हिच्यात वाढायचं?”

“कंबरेभोवती अशीच आडवी उभी राहिली पाहिजे. एकावर एक जाळीचे थर. खालचे आखूड, वरचे मोठे.”

“म्हणजे लेहेंग्याखालचा जाळीचा कॅनकॅन, फक्त डोकं फिरलेला.”

ज्या मुलीसाठी तो शिवायचा होता, ती सातपूरची पिंकी. बारा-तेरा वर्षांची, काटकुळी, मान उंच. वडील देवराम कारखान्यात लेथवर. माप द्यायला आई सुलाबाई आणि देवराम दोघेही आले होते. देवरामने फोटो उलटसुलट करून पाहिला.

“ताई, हे तर वायसर हाय,” तो म्हणाला. “मधी भोक, भोवती चकती. आम्ही दिवसाला पोतंभर काढतो.”

“अप्पा, गप बसा ना,” पिंकी पुटपुटली.

पण घेर आडवा राहण्यासाठी जाळीत बारीक पोलादी कडी ओवावी लागते, हे आरोहीने सांगताच तोच म्हणाला, “ती मी करून आनतो. माझ्या पोरीची कडी दुसरा कोन करनार?” आणि आठवड्यात घेऊनही आला. इतकी गुळगुळीत, की तिचा सांधा लतिकाला बोटाने सापडेना.

माप घेता घेता आरोही मुलीला या झग्याची कुळकथा सांगत होती. बॅले सुरू झाला तेव्हा नाचणाऱ्या बायकांचा झगा जमिनीपर्यंत असे. पावले दिसतच नसत. मग कुणा एकीने घोट्यापर्यंत कापला, तर लोकांनी नावे ठेवली. पुढे तो तलम जाळीचा झाला, पोटरीपर्यंत, घंटेसारखा. त्या काळी स्टेजवर गॅसचे उघडे दिवे असत. झगे पेटत. मुली भाजून मरत. आग लागू नये म्हणून तुरटीत बुडवले, तर कापड ताठ आणि मळकट दिसते म्हणून मुलीच नको म्हणत. मग झगा गुडघ्यावर आला. मग थाळी.

“एवढं सगळं कशासाठी, मॅडम?” पिंकीने विचारले.

“पावलं दिसावीत म्हणून. अंगठ्यांच्या टोकांवर नाचतात ना आपल्यात.”

पिंकीने खाली पाहिले. चवड्यांवर उभी राहिली. मग लतिकाला म्हणाली, “मग माझा सगळ्यांत आखूड करा, काकू. माझ्यात पावलंच तेवढी चांगली आहेत.”

झगा पूर्ण झाला आणि पिंकीला ताप आला. डेंग्यू निघाला. आठवडाभर देवराम दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होता.

पोर गेली.

तिने झगा एकदाही अंगात घातला नव्हता. नुसती चोळी एकदा लावून पाहिली होती.

दिवसकार्य आटोपल्यावर सुलाबाई एकटीच लतिकाकडे आली. पाणीसुद्धा घेतले नाही. टांगलेल्या झग्याकडे बघत राहिली.

“हा दुसऱ्या पोरीला घाला,” ती म्हणाली. “पेटीत ठिवून काय करू? कुनीतरी नाचू द्या त्याच्यात.”

आरोहीनेही दुसरी मुलगी ठरवली. कार्यक्रम नवरात्रानंतर होता.

आता पाहा. कुणी कुणाचे वाईट केलेले नाही. कुणी काही हिसकावलेले नाही. लतिकाने सरळ विचार केला, झगा कोरा आहे, घडी मोडलेली नाही, आणि घडी मोडल्याशिवाय आपण ड्रेस देत नाही. मला विचारले असते, तर मी नको म्हटले असते.

ती घडी पिंकीची होती.

त्या रविवारी इराने झगा घातला. पाठीला पिना लावून तो आवळावा लागला. इरा हसत होती. आरशापासून निघाली.

टप… ठप्प. टप… ठप्प.

जाळी सळसळत होती. दाराशी पोचून इरा थांबली.

सळसळ…

थांबली नाही.

लतिकाने मान वर केली. इरा स्तब्ध उभी होती. पंखा बंद होता, जाळी उडू नये म्हणून. तरीही घेराच्या कडेकडेने काहीतरी फिरत होते. एक पूर्ण गिरकी झाली. मग आवाज विरला.

“आजी,” इरा म्हणाली, “माझ्या मागे कोण उभंय?”

मागे आरसा होता. आरशात इरा होती. दुसरे कुणी नव्हते.

लतिकाने घाईने पिना काढल्या. आरोहीने शिकवल्याप्रमाणे झगा उलटा टांगला. असले झगे उलटेच टांगायचे असतात. सरळ टांगले तर घेर ओघळतो. खोलीला कुलूप लावले. किल्ली एकच, ती तिच्या कमरेला.

सोमवारी कुलूप उघडताना आतून आवाज आला.

घर्र… घर्र… घर्र…

टेबलावर देवरामची कडी गोल घुमत होती. टिचकी मारलेल्या नाण्यासारखी, आता पडेल मग पडेल अशी. लतिकाच्या डोळ्यांदेखत ती आडवी झाली.

झगा सरळ टांगलेला होता. कडी निघाल्यामुळे घेर खाली आला होता, गुडघ्यापर्यंत.

टाके सैल राहिले असतील, असे तिने मनाला समजावले. कडी पुन्हा ओवली, पक्के टाके घातले, झगा उलटा केला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सरळ होता. आणि या वेळी पोटरीपर्यंत.

घंटेसारखा.

तेव्हा मात्र तिने झगा टेबलावर पसरला. तिने एकेक थर बोटांनी चाळला. थर तेवढेच होते. जाळी तिनेच बेतलेली होती. मग हे जास्तीचे कापड आले कुठून? कडांना शिवण नव्हती, जोड नव्हता. झगा जणू अंगचाच वाढला होता.

आरोहीने सांगितलेली कुळकथा तिला आठवली. थाळी, गुडघा, पोटरी…

झगा मागे चालला होता.

मला तिने त्याच संध्याकाळी फोन केला. “जाऊबाई, तुम्ही रागावणार, पण सांगते.” मी रागावले. रामकुंडावर नेऊन सोड म्हटले. ती म्हणाली, “सुलाबाईला काय सांगू? तिने नाचू द्या म्हटलंय.” आणि ऑर्डर घेतलेला ड्रेस पाण्यात सोडणे तिच्या हाडात नव्हते.

घरी वेगळेच चालले होते. ते लक्षात यायला उशीर झाला, कारण जे नाहीसे होत होते तो आवाज होता.

संपदा ओट्याशी भाकऱ्या थापत असे आणि वळून पाही, तर इरा अगदी पाठीशी उभी.

“केवढ्यानं दचकवतेस गं. पाय वाजवत ये की.”

“वाजवतेय,” इरा म्हणाली.

तिने फरशीवर पाय आपटून दाखवला. डावा. जोरात.

आवाज आला नाही.

संपदाला वाटले, मोजे असतील. मोजे नव्हते. लतिकाने मुद्दाम पैंजण घातले तिच्या पायात. पोर अंगणभर पळाली. पैंजणांचे घुंगरू हलताना दिसत होते…

वाजत नव्हते.

त्या रात्री निजताना इराने आजीच्या कुशीत शिरून सांगितले, “ती झगा लांब करतेय.”

“कोण गं?”

“पिंकीताई. तिला लाज वाटते.”

“कसली लाज?”

“तिला आता पाय नाहीत ना, आजी. खाली काहीच नाही. म्हणून झाकून घेते.” मग जरा वेळाने, झोपेत गेल्यासारखी म्हणाली, “माझे छान आहेत म्हणाली.”

दुसऱ्या दिवशी आरोही झगा न्यायला येणार होती. लतिकाने ठरवले, द्यायचा आणि हात झटकायचे. दोघींनी मिळून कुलूप उघडले.

झगा खोलीच्या मधोमध होता. दोरीला नाही. हँगरला नाही. पाठमोरा, आरशासमोर, नुसता उभा. त्याचा घेर जमिनीला टेकला होता आणि चहूबाजूंनी फरशीवर पसरला होता.

आरोही जागच्या जागी थबकली. “काकू, हा कुठला? हा तर फार जुन्या पद्धतीचा आहे. अगदी सुरुवातीचा. यात पावलं…”

दिसणार नाहीत, असे तिला म्हणायचे होते.

आरशात झग्याचा खालचा काठ पुढच्या बाजूने किंचित उचलला गेलेला दिसला. एखादी मुलगी घेर चिमटीत धरून पायाकडे पाहते, तसा.

खाली फरशी होती. फक्त फरशी.

तेवढ्यात लतिकाचा मोबाइल वाजला. संपदा होती. तिला बोलता येत नव्हते. इरा शाळेसाठी उठली, पलंगावरून पाय खाली सोडले, आणि खाली कोसळली. “आई, तिला पाय कळतच नाहीयेत. मी चिमटे काढतेय. तिला कळतच नाहीयेत.”

पुढचे महिने मी सांगत बसत नाही. नाशिक झाले, मुंबई झाली. पाठीचे फोटो, नसांच्या तपासण्या, सगळे स्वच्छ. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी स्पष्ट सांगितले, आम्हाला काही सापडत नाही. विश्वेशने चाकांची खुर्ची आणली, तेव्हा लतिका देवघरात जाऊन बसली. दिवा लावला नाही, हात जोडले नाहीत. नुसती बसली.

आरोहीचा कार्यक्रम झाला नाही. तिने क्लास बंद केला आणि ती पुण्याला निघून गेली.

दिवाळी उलटल्यावर लतिकाने पुन्हा ती खोली उघडायचे ठरवले. दुपारची वेळ होती. जिना चढून ती दाराशी आली. किल्ली हातात.

आत कुणीतरी नाचत होते.

टप… ठप्प. टप… ठप्प.

डावी टाच जोरात पडत होती.

लतिकाने मला सांगितले, “जाऊबाई, मी दार उघडण्याआधी रडले. आनंदानं. मला वाटलं, पोर चालायला लागली आणि पळत इथं आली.”

दार उघडताच आवाज थांबला. खोली रिकामी. मोर, रावण, गाजरे आपापल्या जागी. आणि दोरीला उलटा टांगलेला झगा, कोराकरकरीत. कडी जागेवर, घेर ताठ.

पुन्हा थाळीसारखा. सगळ्यांत आखूड.

आता झाकण्याचे कारण उरले नव्हते.

लतिका भित्री बाई नाही. तिने मोठी कात्री घेतली. झगा टेबलावर पालथा घातला आणि सर्वांत खालचा थर कराकरा कापायला घेतला. वीतभर कापला असेल, तोच मोबाइल वाजला. संपदा किंचाळत होती. “आई, इराला पाय कळला. डावा पाय धरून ओरडतेय. दुखतोय म्हणते. दुखतोय.”

लतिका कात्री टाकून घरी धावली. तेवढ्या रस्त्यात तिने कुठकुठले नवस बोलून टाकले.

घरी पोचली, तेव्हा पाय पुन्हा मुका झालेला होता. तळव्यावर मात्र एक सरळ, बारीक, पांढरी रेघ उमटली होती. कात्री चालते तशी. वीतभर नाही, कारण पोरीचा तळवा तेवढा नाही. टाचेपासून अंगठ्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी लतिका दाराशी कान लावून बसली. नाच सुरू झाला.

टप…

टप…

डावी टाच पडत नव्हती. फरफटत होती.

तिने आत जाऊन तो थर सांधला. केसाएवढ्या टाक्यांनी, डोळ्यांतले पाणी पुसत. त्यानंतरच्या दुपारी आवाज पूर्वीसारखा आला.

तेव्हा तिला समजले. झगा जाळता येणार नाही. पाण्यात सोडता येणार नाही. आपल्या नातीचे पाय आता तिथे आहेत.

एकच वाट होती. तिने सुलाबाईला बोलावणे पाठवले.

त्या दिवशी मीही गेले होते. लतिकाला एकटीला तिथे बसू देणे मला पटत नव्हते; आणि खरे सांगायचे तर, माझा विश्वासही बसला नव्हता. आम्ही तिघी बंद दाराबाहेर जिन्यावर बसलो. खाली टेम्पोतून कोथिंबिरीच्या जुड्या उतरत होत्या. सुलाबाई वाळून निम्मी झाली होती. गळ्यातली काळी पोतसुद्धा तिला जड झालेली दिसत होती.

लतिकाने तिला काही लपवले नाही. सगळे सांगितले. मग तिचे दोन्ही हात धरले.

“तुम्ही आई आहात. तुमचं ऐकेल ती. एवढंच सांगा तिला, पाय परत दे म्हणावं. माझी इरा दहा वर्षांचीसुद्धा नाही हो.”

“माझी पिंकी न्हाई अशी,” सुलाबाई म्हणाली. “कुनाचं घेनारी न्हाई.”

“मी कुठं वाईट म्हणते तिला?”

“तुमाला भास होतोय, ताई. पोरीच्या दुखन्यानं.”

आणि आत सुरू झाले.

मी ऐकले. मी, जिने आयुष्यात असल्या गोष्टींना थारा दिला नाही.

टप… ठप्प. टप… ठप्प. मग सलग तीन गिरक्या. मग एक क्षण पूर्ण शांतता. मग उडी.

सुलाबाईने तोंडात पदर कोंबला.

“थांबते ती,” ती कुजबुजली. “उडीच्या आधी थांबतेच. मॅडम लय रागवायच्या तिला त्याच्यावरून. घरी भांड्यांच्या मांडनीपुढं नाचायची, तवा बी थांबायची.”

“पाय इराचे आहेत,” लतिका म्हणाली. “टाच ऐका. डावी टाच ऐका.”

“नाच माझ्या पिंकीचा हाय.”

दोघीही खरे बोलत होत्या.

सुलाबाई उठली. दारावर तळहात ठेवला.

“पिंके…”

आत एकदम शांत झाले.

सळसळ दाराकडे आली. अगदी जवळ. दाराच्या पलीकडे, बरोब्बर त्या तळहातासमोर, काहीतरी येऊन उभे राहिले. फटीतून गार हवा आली आणि तिच्यात ओल्या जाळीचा वास होता.

लतिका हात जोडून पाहत होती. एक वाक्य. एवढेच हवे होते.

सुलाबाईचे ओठ हलले. एकदा. दोनदा. तिने लतिकाकडे पाहिले, आणि लगेच नजर काढून घेतली. मग कपाळ दाराला टेकले.

“नाच, बाई,” ती म्हणाली. “नाच.”

आतून धावत दूर गेलेली पावले मी ऐकली.

मी सुलाबाईला बोलणार होते. लतिकाने माझा हात दाबला. उतरताना मला म्हणाली, “तिच्या जागी मी असते, तर मी दुसरं काय म्हटलं असतं, जाऊबाई?”

आज त्याला बरेच दिवस झाले. लतिकाने धंदा बंद केला. खोली विकलेली नाही. दुपारची जेवणे झाली की ती जिन्यावर जाऊन बसते. सातपूरहून सुलाबाई येते. दोघी एकमेकींशी फारसे बोलत नाहीत. एकीला मुलगी ऐकू येते, दुसरीला नात. संध्याकाळ झाली की लतिका आत जाते, कुठे टाका सुटला असेल तर घालते, झगा उलटा टांगते आणि कुलूप लावते.

इरा खुर्चीत असते. हसतेही कधीकधी. पाय थंड असतात.

परवा संपदाने तिला आंघोळ घालताना मला मोरीपाशी बोलावले. नुसते पोरीचे पाय उचलून धरले.

वर्ष व्हायला आले, हे पाय जमिनीला लागलेले नाहीत.

दोन्ही अंगठ्यांच्या टोकांना… फोड होते.

ताजे.